कंबरदुखी: ऑपरेशनच्या अलीकडे

उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, ही महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली जुनी रीत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या कंबरेवर पाय टेकवला की उसण उतरते, असा समज. आणि ती उतरतेही. आज नाही तर चार दिवसांनी, फार तर पंधरवड्याने. पायाळू सापडला नसता तरी उतरलीच असती, कारण नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपली आपण निवळते.

या रीतीला हसण्याआधी आपल्या दवाखान्यांतला क्रम आठवून पाहावा. तिसऱ्या दिवशी गोळ्या, आठव्या दिवशी कुणीतरी सुचवलेले मालिश, पंधराव्या दिवशी वजन लावून ताण, महिन्याभराने कंबरपट्टा आणि इंजेक्शन. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी जो उपचार चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडते, आणि मग तोच उपचार नात्यागोत्यात खात्रीचा म्हणून सांगितला जातो. कंबरेच्या उपचारांत नाव कमावणे सोपे आहे ते यामुळे. कोणता उपचार खरोखर उपयोगी, हे एकट्यादुकट्याच्या अनुभवावरून कळत नाही. सारख्या दुखण्याची माणसे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायची आणि दोघांना वेगवेगळे उपचार देऊन वाट पाहायची, तेव्हा कुठे ते कळते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांचा सारांश असा, की ऑपरेशनवाचून बरे होण्याची शक्यता रुग्णाला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी असते. मात्र ‘ऑपरेशन नको’ एवढे ठरवून भागत नाही. त्या मधल्या काळात काय करायचे, किती दिवस करायचे आणि काय दिसले तर बेत बदलायचा, हेही ठरवावे लागते.

दुखते ते कुठून

कंबरेत पाच मणके असतात. लागोपाठचे दोन मणके एकमेकांना तीन ठिकाणी भेटतात: पुढे गादी, म्हणजे डिस्क, आणि मागे डाव्या-उजव्या अंगाला फॅसेट नावाचे दोन लहान सांधे. पाचव्या मणक्याखाली त्रिकास्थी हे त्रिकोणी हाड असते आणि ते दोन्ही बाजूंना सॅक्रोइलियाक सांध्यांनी ओटीपोटाच्या हाडांना जोडलेले असते. कंबरेतली बहुतेक दुखणी गादी, फॅसेट आणि सॅक्रोइलियाक या तिघांपैकी कुणाच्या तरी, किंवा भोवतालच्या स्नायूंच्या, खात्यावर जमा असतात.

गादीच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गाभा असतो आणि त्याभोवती पंधरा ते पंचवीस थरांचे चिवट कडे. एका थराचे धागे एका बाजूला तिरपे, पुढच्या थराचे उलट्या बाजूला तिरपे, बाजेच्या विणीसारखे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येते, म्हणून गादीला झालेली इजा सावकाश भरून येते. दिवसभराच्या उठबशीत गादीतले पाणी पिळले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा भरते. संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटरने कमी भरते ती यामुळेच. याचा एक व्यवहारी अर्थ निघतो. पहाटे उठल्या उठल्या गादी पाण्याने टचटचीत भरलेली असते आणि वाकताना तिच्या कड्यावर ताण जास्त येतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना सकाळच्या पहिल्या काही तासांत कंबरेतून वाकणे टाळायला शिकवले, तर त्यांचे दुखणे कमी झाले. गादीचा त्रास असलेल्या माणसाने उठल्याबरोबर खराटा घेऊन अंगण झाडायला किंवा वाकून बादल्या उचलायला लागू नये, एवढे यातून निश्चित घ्यावे. औषधावाचून, पैशावाचून होण्यासारखी ही गोष्ट आहे.

कड्याला चीर पडून गाभा मागच्या बाजूला बाहेर आला आणि शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला लागला, की दुखणे कंबरेत राहत नाही. ते कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरते, पायाला मुंग्या येतात, शिंकताना-खोकताना कळ जाते, बसल्यावर वाढते. सायटिका म्हणतात तो हा. अशा दहांतल्या नवांहून अधिक गाद्या शेवटच्या दोन पातळ्यांवरच्या असतात, कारण सर्वांत जास्त भार आणि हालचाल तिथेच असते.

फॅसेट सांध्याचे दुखणे वेगळे वागते. ते कंबरेत आणि कुल्ल्यात राहते, मांडीपर्यंत जाते, गुडघ्याखाली क्वचितच. मागे झुकल्यावर, फार वेळ उभे राहिल्यावर, अंथरुणात कूस बदलताना ते वाढते आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते. उतारवयात हे सांधे जाड होतात, गाद्या बसतात आणि मज्जातंतूंचा मार्ग अरुंद होतो. मग बाजाराला निघालेले आजोबा थोडे चालले की पाय भरून येतात म्हणून कट्टा शोधतात, दोन मिनिटे बसतात आणि पुन्हा चालू लागतात. सॅक्रोइलियाक सांध्याचे दुखणे पट्ट्याच्या रेषेखाली, पाठीवरच्या खळीजवळ, बहुधा एकाच बाजूला असते. बाळंतपणाच्या आगेमागे ते जास्त दिसते, आणि जिना चढताना किंवा एका पायावर उभे राहून साडी-पँट घालताना चमक निघते.

वर्णन असे नीटनेटके असले तरी नुसत्या कंबरदुखीत अमुकच ऊतक दुखते आहे असे बोट ठेवून सांगणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. सुदैवाने सुरुवातीचे उपचार ठरवायला तेवढ्या बारकाव्याची गरजही नसते. पाय गुंतला आहे का, कोणत्या हालचालीने वाढते आणि कशाने कमी होते, एवढे कळले तरी निम्मे काम होते.

दहा मिनिटांची तपासणी

ते कळण्यासाठी यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवून डॉक्टर दुखरा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलतात. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान पोटरीपर्यंत विजेसारखी कळ गेली, तर मज्जातंतू ताणला जातो आहे असा संशय बळावतो. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर तो संशय आणखी पक्का होतो. मग पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगतात आणि डॉक्टर बोटाने तो खाली दाबतात. अंगठा हरला तर पाचव्या कटिमणक्याची नस कमजोर. भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उंच व्हायला सांगतात. पाचव्या वेळी टाच उचलेना, तर त्याखालची नस. घोट्यामागे हातोडी मारून पाऊल हलते का पाहतात, टाचणीने दोन्ही पायांची संवेदना ताडून पाहतात. दहा मिनिटांत आटोपणाऱ्या या तपासणीवर पुढचे सगळे बेत उभे असतात. ती न करता कुणी थेट फिल्म प्रकाशासमोर धरून निर्णय सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

फिल्ममध्ये दिसते ते सगळेच दुखत नसते

एमआरआयचा अहवाल हातात आला की घरातले वातावरण बदलते. ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’, ‘थीकल सॅकवर दाब’, ‘फॅसेट जॉइंट्समध्ये झिजेचे बदल’, ‘डिस्क डेसिकेशन’, अशा ओळींनी कागद भरलेला असतो आणि प्रत्येक ओळ निकालपत्रातल्या लाल शाईसारखी वाचली जाते. कालपर्यंत दुखऱ्या कंबरेने का होईना, पण कामावर जाणारा माणूस आज मणका खराब झालेला रुग्ण होऊन अंथरूण धरतो.

१९९४ साली अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. ज्यांना कंबरदुखी नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले होते. सर्व गाद्या व्यवस्थित असलेले त्यांत केवळ ३६ टक्के निघाले. ५२ टक्क्यांची निदान एक गादी फुगलेली होती आणि २७ टक्क्यांची बाहेर आलेली. पुढे २०१५ मध्ये, न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या चित्रांचा एकत्र आढावा घेतला गेला. फुगलेली गादी विशीतल्या ३० टक्क्यांत, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांत सापडली. यांपैकी एकाचीही कंबर दुखत नव्हती. यांतले बरेचसे बदल वयाचे असतात, केस पांढरे व्हावेत तसे अंगभूत.

म्हणून फिल्मला एकच प्रश्न विचारायचा: रुग्णाच्या पायातली बाजू आणि पातळी हिच्याशी जुळते का? डाव्या पायाच्या अंगठ्यात कमजोरी आहे आणि फिल्ममध्ये नेमक्या त्याच नसेवर डावीकडे तुकडा बसला आहे, तर फिल्म बोलते आहे. कंबर मधोमध दुखते, पायात काही नाही आणि अहवालात तीन गाद्या फुगलेल्या आहेत, तर त्या तीन ओळींवरून काहीच ठरत नाही. धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढायची सहसा गरजही नसते.

फिल्म पाहून घाबरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बाहेर आलेला गाभा शरीर परके द्रव्य म्हणून ओळखते. पांढऱ्या पेशी तिथे पोचतात आणि तो तुकडा खाऊन संपवू लागतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, नुसती फुगलेली गादी १३ टक्के रुग्णांमध्ये आपोआप ओसरलेली दिसली. बाहेर लोंबणारा तुकडा ७० टक्क्यांमध्ये. आणि गादीपासून पूर्ण सुटून पडलेला तुकडा ९६ टक्क्यांमध्ये. चित्रात जे सर्वांत भयंकर दिसते त्यालाच विरघळून जाण्याची सर्वांत जास्त संधी असते.

आधी हे वगळावे

वाट पाहण्याचा सल्ला काही जणांना मुळीच लागू होत नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगाच दाबला जातो आहे. ही तातडीची अवस्था आहे. तासांचा हिशेब असतो, रात्र काढू नये. पाऊल खाली लोंबू लागले, चालताना चप्पल घासू किंवा निसटू लागली, तरी लवकरात लवकर सर्जनला दाखवावे.

संध्याकाळचा बारीक ताप, घटलेले वजन, झोपल्यावरही न थांबणारे दुखणे ही लक्षणे आपल्याकडे क्षयाची आठवण करून देणारी असावीत. मणक्याच्या क्षयाचे वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले, आणि भारतात तो अजूनही दिसतो. क्षय औषधांनी बरा होतो, पण कंबरपट्टा बांधून सहा महिने काढले तर मणका ढासळू शकतो. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणे, बरीच वर्षे स्टिरॉइड घेतलेले असणे, म्हातारपणी साध्या पडण्यानंतर कंबर धरणे, यांचीही आधी चौकशी हवी.

आणखी एक दुखणे वर्षानुवर्षे ‘गादी’ म्हणून चुकीच्या खात्यात पडून राहते. विशी-तिशीतला मुलगा, कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते, आणि नवलाची गोष्ट म्हणजे आरामाने वाढते, हालचालीने कमी होते. हा सॅक्रोइलियाक सांध्यांचा दाह, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञ आणि वेगळी औषधे लागतात.

चाकूची बाजू

मणक्यातली गादी बाहेर येऊन नस दाबते आणि ती काढली की पाय मोकळा होतो, हे बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या सर्जनांनी १९३४ मध्ये मांडले. शोध खरा होता आणि त्याचा दबदबा एवढा वाढला, की पुढची कित्येक दशके कंबरेच्या प्रत्येक दुखण्यात गादी शोधली जाऊ लागली. पण न कापता काय होते, हे ताडून पाहणारा पहिला मोठा प्रयोग बाहेर यायला १९८३ साल उजाडले. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी, ऑपरेशन करावे की नाही अशी शंका असलेले १२६ रुग्ण दोन गटांत वाटले आणि दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षाच्या शेवटी ऑपरेशनवाले स्पष्टपणे पुढे होते. चौथ्या वर्षी दोन्ही गटांतला फरक गणिताच्या कसोटीला उतरण्याइतका उरला नाही, आणि पुढेही त्यात फारसा बदल झाला नाही.

नेदरलँड्समध्ये २००७ साली हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारला गेला. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका भोगलेले २८३ रुग्ण घेतले. एका गटाचे लवकर ऑपरेशन केले. दुसऱ्याला सांगितले की थांबा, गरज पडली तर करू. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय निम्म्याहून कमी काळात मोकळा झाला. पण वर्ष संपले तेव्हा दोन्ही गटांत बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच, ९५ टक्के, भरले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावे लागले, ६१ टक्क्यांना त्या वर्षात लागले नाही. थोडक्यात, चाकूने विकत घेता येतो तो मुख्यतः वेळ.

वेळेची किंमत प्रत्येकाची सारखी नसते. ज्याला घरून काम करता येते त्याला तीन महिने काढता येतील. ऊसतोडीच्या हंगामात मोळ्या वाहणाऱ्याचे किंवा रोज बारा तास ट्रक चालवणाऱ्याचे गणित निराळे असू शकते. आणि वाट पाहण्यालाही हद्द आहे. कॅनडातील १२८ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार ते बारा महिने सायटिका न हटलेले लोक घेतले होते. त्यांच्यात सहा महिन्यांनंतर ऑपरेशनवाल्यांची पायदुखी दुसऱ्या गटापेक्षा बरीच कमी होती. तेव्हा सहा ते बारा आठवडे नेटाने प्रयत्न करणे शहाणपणाचे. वर्षभर तेच ते करत कळा सोसणे हा हट्ट झाला. हा सगळा हिशेब पायात उतरलेल्या दुखण्याचा आहे. नुसती कंबर दुखत असेल, तर गादी काढून मिळण्यासारखे फारसे काही नसते आणि बिगरशस्त्र उपचारांचे पारडे आणखी जड होते.

काय निवडावे

सगळ्यात आधी अंथरूण सोडावे. रिचर्ड डेयो या अमेरिकी डॉक्टरांनी १९८६ मध्ये, दोन दिवस आणि सात दिवस सक्तीची विश्रांती यांची तुलना केली. बरे होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांचे कामाचे ४५ टक्के कमी दिवस बुडाले. १९९५ साली हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. दोन दिवस झोपलेले, व्यायाम दिलेले आणि झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवलेले, अशा तीन गटांत तिसरा सर्वांत लवकर सावरला. कळ असह्य असताना दिवस-दोन दिवस आडवे राहणे गैर नाही, पण ते औषध म्हणून लिहून द्यायची गोष्ट नव्हे.

गोळ्यांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर २०१४ मध्ये पॅरासिटामॉल तपासले, तर ताज्या कंबरदुखीत ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही. सायटिकासाठी आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे प्रीगॅबालिन तिथेच २०१७ मध्ये २०९ रुग्णांवर तपासले. पायदुखीत फरक पडला नाही, चक्कर मात्र वाढली. अफूच्या कुळातल्या औषधांचा निकालही २०२३ मध्ये असाच लागला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दाहशामक गोळ्या थोडा दिलासा देतात. पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा जठराचा त्रास असलेल्यांनी त्या मनाने घेऊ नयेत आणि कुणीच महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांचा उपयोग हालचाल सुरू करण्यापुरता.

व्यायामाकडे वळण्याआधी न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनची एक हकिगत सांगायला हवी. १९५६ मध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या तरुण फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण येत होता. कंबर आणि उजवा पाय दुखत होता, तीन आठवडे उपचार करूनही उतार नव्हता. त्या दिवशी मॅकेन्झींनी त्याला आत जाऊन टेबलावर पालथे झोपायला सांगितले. आधीच्या रुग्णासाठी टेबलाचा एक भाग वर उचललेला राहिला होता. हा गृहस्थ तसाच, पाठ मागे कमानीसारखी वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटे पडून राहिला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे घातकच. मॅकेन्झी घाबरून आत आले, तर रुग्णाने सांगितले की तीन आठवड्यांत इतके बरे कधी वाटले नव्हते. पायातले दुखणे नाहीसे होऊन कंबरेच्या मध्याकडे सरकले होते.

या अपघातातून एक पद्धत उभी राहिली, आणि तिच्यातली एक खूण रुग्णाने स्वतःच वापरण्यासारखी आहे. व्यायाम करताना पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात आणि कुल्ल्यातली कंबरेत अशी वर सरकत असेल, तर दिशा योग्य आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट, कंबर हलकी झाली पण कळ पायात खाली उतरू लागली, तर तो व्यायाम थांबवावा. गादीच्या अनेक रुग्णांना मागे झुकण्याचे व्यायाम, म्हणजे भुजंगासनाच्या जातीचे, मानवतात. मार्ग अरुंद झालेल्या वयस्कांना आणि फॅसेटवाल्यांना पुष्कळदा तेच सोसत नाहीत. त्यांना गुडघे छातीशी घेणे, बसून पुढे वाकणे, सायकल चालवणे बरे पडते. शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम आपल्याला का जाचतो, त्याचे उत्तर इथे आहे. मोबाइलवर ‘कंबरदुखीचे पाच व्यायाम’ पाहून सुरुवात करण्यापेक्षा, फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन आपली दिशा शोधून घ्यावी आणि पुढचे घरी करावे. फिजिओथेरपी सेंटरला रोज जाऊन यंत्राखाली पडून राहण्याची गरज नाही.

योगाची साक्षही चांगली आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, दोऱ्या, खुर्च्या आणि लोड वापरून, आखडलेल्या माणसालाही जमतील अशी आसने घडवली. त्या परंपरेवर बेतलेला बारा वर्गांचा अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर तपासला गेला. २०११ सालच्या त्या निष्कर्षांत योगवाल्यांची उठबस, कामकाज वर्षभरानंतरही इतरांहून चांगले होते. दुखण्याच्या तीव्रतेत मात्र लक्षणीय फरक नव्हता. बोस्टनमध्ये २०१७ साली योग आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली, ती बरोबरीत सुटली. फक्त ताज्या सायटिकात पश्चिमोत्तानासन किंवा सूर्यनमस्कार रेटू नयेत.

आणि चालणे. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या, २०२४ मधल्या प्रयोगात, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस रोज अर्ध्या तासापर्यंत चालायचे उद्दिष्ट दिले. दुखणे उलटायला चालणाऱ्यांना मध्यमानाने २०८ दिवस लागले, इतरांना ११२. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारे दुसरे काही या प्रकरणात नाही.

उरलेल्यांचा हिशेब लवकर आटोपतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केले. त्यात शिक्षण, व्यायाम, मालिश आणि तज्ज्ञाच्या हातची मणक्याची हाताळणी यांना जागा आहे. वजन लावून ताण देणे आणि कंबरपट्टा या आपल्याकडच्या दोन लाडक्या गोष्टी तिने नको म्हटल्या आहेत. प्रवासात किंवा ओझे उचलण्याच्या दिवशी पट्टा बांधला तर आकाश कोसळत नाही, पण त्याच्या भरवशावर स्नायू निजवू नयेत. गृध्रसीचे, म्हणजे सायटिकाचे, वर्णन चरकसंहितेत वातव्याधींमध्ये आहे, आणि कटिबस्ती, तेल, शेक यांनी आखडलेले स्नायू सैलावतात. त्या आरामाचा उपयोग चालायला करावा. ‘मणका जागेवर बसवून देतो’ म्हणणाऱ्याचा झटका मात्र पायात बधिरपणा किंवा कमजोरी असताना कदापि घेऊ नये.

इंजेक्शने ही गोळ्या आणि ऑपरेशन यांच्यामधली पायरी. नसेजवळ दिलेले स्टिरॉइड सायटिकाची कळ काही आठवडे थोडी कमी करू शकते. तेवढ्या अवधीत माणूस झोपू लागला, चालू लागला तर ते कारणी लागले म्हणायचे. त्यामुळे पुढचे ऑपरेशन टळतेच असे नाही. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे आधी सांगून ठेवावे. फॅसेट आणि सॅक्रोइलियाक सांध्यांच्या बारीक नसा उष्णतेने जाळण्याचा उपचार महागडा आहे. नेदरलँड्समधल्या ६८१ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, व्यायामाला त्याची जोड दिल्याने म्हणण्यासारखा जादा फायदा दिसला नाही. तो सुचवला गेलाच, तर आधी त्या नसा तात्पुरत्या बधिर करून दुखणे खरेच थांबते का, हे पाहिले का, असे विचारावे.

बेत कागदावर मांडावा

बिगरशस्त्र उपचार फसतात ते बहुधा मोजमाप नसल्यामुळे. आज जरा बरे, काल जरा वाईट, एवढ्यावर महिने निघून जातात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: न थांबता किती मिनिटे चालता येते, किती मिनिटे बसता येते आणि कळ पायात कुठपर्यंत उतरते. दर रविवारी त्याच तीन नोंदी कराव्यात. चालणे वाढते आहे आणि कळ वर सरकते आहे, तर दुखण्याचा आकडा तेवढाच राहिला तरी गाडी रुळावर आहे. अंगठा वर उचलता येतो का आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येते का, हे आठवड्यातून दोनदा स्वतः पाहावे. शक्ती घटली तर रविवारची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत.

दोन आठवड्यांत व्यायामाची दिशा सापडायला हवी. सहा आठवड्यांत स्पष्ट उतार दिसायला हवा. दिसला नाही तर एमआरआय, आणि गरज वाटल्यास इंजेक्शनचा विचार. बारा आठवड्यांनंतरही पायातली कळ जगणे अडवत असेल आणि फिल्म त्या पायाशी जुळत असेल, तर सर्जनसमोर बसावे. ती हार नव्हे. योग्य रुग्णाला योग्य वेळी केलेले गादीचे ऑपरेशन चांगले फळते. त्या वेळीही विचारावे: ऑपरेशनने पाय सुधारेल की कंबर? आणखी सहा आठवडे थांबलो तर माझे काय नुकसान होईल? नुसती गादी काढणार की मणके स्क्रूने जोडणार, आणि जोडायचे असतील तर का? यांची उत्तरे रुग्णाच्या पायाकडे बघून मिळत असतील, तर डॉक्टर योग्य आहेत. फिल्मकडेच बोट जात असेल, तर दुसरे मत घ्यायला अजून वेळ आहे.